एवढा वर्षावास होऊ दे

ताई, तुझ्या जलदानविधीला जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती, काय भाग्याचं मरण आलं बाईला. समोर ग्रंथ, अंगावर पांढरी साडी, तोंडात धम्म. मी पाण्याचे पेले फिरवत होते. वाटलं, हातातला ट्रे खाली ठेवावा आणि सांगावं, भाग्य कसलं डोंबलाचं, माझी बहीण बरी होणारी होती. पण तुझी लेक सुजाता समोर बसली होती, तुझ्या फोटोकडे बघत, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. ते सगळं आता तुलाच सांगते. जिवंत असताना तू माझं एक धड ऐकलं नाहीस. आता निदान मधेच उठून चहा टाकायला जाणार नाहीस.

मला तुझा राग आला आहे. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर रागवू नये. का नाही? मी बेचाळीस पोरांच्या वर्गावर रोज रागावते, आणि ज्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यावर सगळ्यात जास्त. तुला ते ठाऊक होतं. तूच म्हणायचीस, हिच्या नाकावरचा राग पुसायला आईने जन्मभर पदर ओला ठेवला.

वर्षभर तुझं एकच गाऱ्हाणं होतं. बसलं, उभं राहिलं की दम लागतो, आडवं झालं की बरं वाटतं. आणि या गाऱ्हाण्याचा अर्थ लावायला सगळे तयार. शेजारच्या शहरातल्या कॅम्प तीनमध्ये तू ज्या कारखान्यात तयार जीन्सचे धागे कापायला बसायचीस, तिथला शेठ म्हणाला, "अरे बाई, लेटने से कौनसी बीमारी ठीक होती है? कामचोरी है ये." तुझ्या सासूने तेच मराठीत सांगितलं. दाजी तर हसले, म्हणाले, बसून येतो आणि झोपून जातो असला आजार मला पण पाहिजे. ते वाईट माणूस नाहीत. पण हार्टचा माणूस उशा रचून बसतो, आडवा झाला की गुदमरतो, हे सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं. तुझं उलटं होतं. उलटं होतं म्हणून खोटं ठरलं.

स्टेशनजवळच्या आपल्या डॉक्टरांनी आधी टॉनिक दिलं, मग पित्ताच्या गोळ्या. एकदा मात्र त्यांनी तुला बसवून छाती ऐकली, मग झोपवून ऐकली, मग परत बसवली. म्हणाले, आवाज बदलतोय, मला हे पटत नाही. आणि चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मी शाळेतून रजा काढून तुझ्याबरोबर आले.

त्या अंधाऱ्या खोलीत तू डाव्या कुशीवर झोपली होतीस आणि डॉक्टरीणबाई तुझ्या छातीवर ती थंड जेली लावून यंत्राचा दांडा फिरवत होत्या. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हलत होतं. बाईंनी मला जवळ बोलावलं. "हे बघा, हा डावीकडचा वरचा कप्पा. आणि ही गाठ." गाठ म्हटल्यावर मला वाटलं होतं खडा असेल, चिकटून बसलेला. ती तर हलत होती. देठाला लोंबकळत होती आणि दर ठोक्याला खालच्या कप्प्याच्या दारात शिरून परत वर येत होती, विहिरीतल्या पोहऱ्यासारखी. "तुम्ही उभ्या राहता तेव्हा ही दारात अडकते, रक्त पुढे जात नाही. झोपलात की दार मोकळं होतं." म्हणजे तू वर्षभर अगदी बरोबर सांगत होतीस. मला तिथल्या तिथे त्या शेठला पकडून आणून तो पडदा दाखवावासा वाटला.

तू मात्र एकच विचारलंस. "कॅन्सर हाय का?"

"नाही. कॅन्सर नाही, साधी गाठ आहे. पण जागा वाईट आहे. आणि ही जेलीसारखी मऊ असते, हिचा तुकडा तुटून रक्तात गेला तर मेंदूत जाऊन अडकू शकतो. लवकर काढायला हवी. या आठवड्यातच भरती व्हा."

"थांबलं तर किती थांबता येईल?"

"थांबता येईल असं मी म्हणणारच नाही. तुकडा उद्या तुटेल, किंवा वर्षभर तुटणार नाही. कोणी सांगू शकत नाही."

एवढं ऐकून तू काय केलंस? अंबरनाथला उतरल्यावर पेढे घेतलेस. बुवापाड्यात घरोघर वाटलेस. कॅन्सर नाही, साधी गाठ आहे म्हणून. जागा वाईट आहे हे काही तू पेढ्यांबरोबर वाटलं नाहीस. आणि बायका तुला मिठ्या मारत होत्या, माझ्याही गालावरून हात फिरवत होत्या, आणि मी एकटी चिडलेली, सगळ्यांच्या आनंदात माती कालवणारी. तुझ्या शेजारच्या गयाबाई मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तोंड गोड करा की जरा."

दुसऱ्याच दिवशी तू सांगून टाकलंस. "एवढा वर्षावास होऊ दे. मंग जाते ना मी. कुठं पळून चालले का?"

वर्षावास तेव्हा नुकता सुरू झाला होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनीपर्यंत रोज संध्याकाळी विहारात धम्माच्या ग्रंथाचं वाचन, आणि यंदा वाचायला तू. आपल्या विहारात आजवर फक्त पुरुष वाचत आले. कारखान्यातून रिटायर झालेले, चष्मा लावून, घसा खाकरत. यंदा त्यातल्या एकाचे डोळे गेले, दुसरे गावी गेले, आणि कोणीतरी तुझं नाव काढलं. सातवीतून शाळा सुटलेली तू. मला पुढे शिकायचं होतं आणि घरात दोघींचं होत नव्हतं, म्हणून सुटलेली. हे तू मला कधी ऐकवलं नाहीस, म्हणून तेही तुझ्यावर रागवायचं एक कारण. ऐकवलं असतंस तर भांडून मोकळी झाले असते.

मी ऐकायला आले होते, आठवतं? तू मला सांगितलं नव्हतंस, मीच बदलापूरहून आले आणि मागे बसले. पांढरी साडी, समोर चौरंगावर ग्रंथ, डोक्यावर पदर नाही, ताठ मान. मला वाटलं होतं अडखळशील. अडखळली नाहीस. तू घाई करत नव्हतीस. अवघड शब्द आला की जरा थांबायचीस, त्याला नीट बघून घ्यायचीस आणि मग उच्चारायचीस, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना तो शब्द समजायचा. मी बीएड झालेली बाई, मला इतकं छान वाचता येत नाही. त्या दिवशी मला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं. एवढं मी तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

म्हणून तर तू वेड्यासारखं का वागतेस ते मला कळत होतं. कारखान्यात तू "ए बाई" होतीस. घरात सासूची सून. विहारात तू आलीस की माणसं सरकून वाट करून द्यायची. तू मला म्हणालीस, "तुझं सगळा वर्ग रोज ऐकतो. माझं आत्ता कुठं कोन ऐकायला लागलंय." यावर मी ओरडले. मग मी निघून दाराशी पोचल्यावर तू खरं कारण सांगितलंस. विहाराच्या अध्यक्षांनी गोड बोलून तुझ्या कानावर घातलं होतं की बाई, बघा, तब्येत सांभाळा, पण वाचन मधेच मोडलं तर समाज बोलेल, पुढच्या वर्षी परत पुरुषच बसवा म्हणतील. "मी उठले की परत बाईला तिथं बसवणार नाय कोनी. समजतं का तुला?"

समजत होतं. त्या माणसाचा मला तेव्हाही राग आला आणि आत्ता लिहितानाही येतो आहे. पण मला सांग, वाचन मोडायचं नाही हा नियम आणला कुठून? ग्रंथात आहे? तू तर पानन् पान वाचत होतीस. त्यात उलट लिहिलंय की कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. न मोडण्याचा नियम पोथीचा. पारायण खंडित झालं तर देव कोपतो, तो नियम. आपल्या आईने छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर टोपलीभर देव नदीला नेऊन सोडले आणि मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यांच्यामागून त्यांचे नियम ओल्या पायांनी घरात परत आले, आणि आपण त्यांना बसायला पाट दिला. हे मी तुला बोलले होते. तू म्हणालीस, "तुझं बरोबर हाय. पण सगळ्यांना कोन समजावणार? एवढा वर्षावास होऊ दे." भांडण तिथेच राहिलं. पुढचं बोलणं तुझ्याकडे बाकी आहे, आणि आता ते मी एकटीनेच दोन्ही बाजूंनी करायचं.

हॉस्पिटलने तुझ्यासाठी खाट ठेवली होती. तू दाजींना पाठवून कळवलंस, पौर्णिमा झाल्यावर येते. डॉक्टरीणबाईंनी उलट निरोप दिला की पुढे ढकलू नका. दाजींनी तो तुला सांगितला आणि तू त्यांना वाढायला घेतलंस.

पुढे जे झालं ते मी पाहिलेलं नाही, सुजाताकडून ऐकलं. तू वाचत होतीस आणि एका वाक्याच्या मध्ये थांबलीस. मग पुढचा शब्द भलताच आला. मग नुसते आवाज आले. आणि माणसांना वाटलं तू गहिवरलीस. ताई, त्यांना वाटलं धम्म वाचता वाचता बाईचा कंठ दाटून आला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, साधू, साधू, साधू. गयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गाठीचा तुकडा तुझ्या मेंदूत जाऊन बसला होता, तुझी वाचा जात होती, आणि विहार भरून माणसं तुझं कौतुक करत होती. उजव्या हाताखालून पान घसरलं आणि तू कलंडलीस तेव्हा सुजाता किंचाळली. तोपर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

घराखालच्या पीसीओवर निरोप आला आणि मी निघाले. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. ओळखत होतीस. काहीतरी सांगायचं होतं तुला आणि एकही शब्द येत नव्हता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी बोलताना मला शेवटपर्यंत बोलता आलं आणि मला ते नको होतं. मग ताप चढला, मग श्वास बिघडला, मग तू गेलीस.

तू गेल्यावर मी त्या डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठलं. भांडायलाच गेले होते, पण त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसल्या. मी म्हटलं, मला सगळं सांगा. हृदयात असल्या साध्या गाठी किती तऱ्हेच्या होतात, त्यांचं काय होतं, सगळं. त्यांनी सांगितलं. लहान बाळांच्या हृदयात एक प्रकार होतो, भिंतीत, एकाहून जास्त, पण मूल मोठं होतं तशा बऱ्याचदा आपोआप आक्रसतात. दुसरी एक घट्ट, दोऱ्यांच्या गुंत्यासारखी, भिंतीत रुतून बसते आणि ठोके बिघडवते, ती काढणं अवघड. एक चरबीची, जन्मभर काही न करता पडून राहते. एक अगदी बारीक, झडपेवर गोंड्यासारखी. "आणि तुमच्या बहिणीची. मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त हीच, आणि बायकांत जास्त. देठासकट काढायची, देठाखालची थोडी भिंत कापायची. बहुतेक जण घरी जातात, कामाला लागतात. क्वचितच परत येते, म्हणून मधूनमधून तपासत राहायचं."

ऐकलंस? एवढ्या प्रकारांतला काढून टाकता येणारा, बरा होणारा तुझ्या वाट्याला आला होता. नशिबाने एरवी तुला कधी काही सरळ हातात दिलं नाही. हे एकदा दिलं, तर तू म्हणालीस थांब, आश्विनी पौर्णिमा होऊ दे.

मग त्या बाई म्हणाल्या, ही गाठ थोड्या घरांमध्ये रक्ताच्या नात्यात निघते. फार थोड्या. पण तुम्ही आणि मुलीने एकदा इको करून घ्या.

माझा झाला. काही निघालं नाही. त्याच टेबलावर, डाव्या कुशीवर, तीच थंड जेली. मला तिथे तुझी इतकी आठवण आली की बाईंना यंत्र बाजूला ठेवावं लागलं.

राहिली सुजाता. आणि सुजाता काय करत होती, सांगू? तुझ्या जलदानानंतर दुसऱ्याच संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. म्हणाले, आईचं अपुरं राहिलेलं लेकीने पूर्ण केलं तर तीच खरी आदरांजली. पोरगी लगेच तयार. तुझी पांढरी साडी नेसून, जिथे तुझा आवाज थांबला त्याच्या पुढच्या ओळीपासून. मी तिला म्हटलं, आधी इको. अपॉइंटमेंट घेतली. तिने पुढे ढकलली. परत घेतली, उद्या सकाळची. आज दुपारी ती मला काय म्हणते, "मावशी, प्लीज ना. मला तर काहीच होत नाही यार, एकदम फिट आहे मी. मम्मीचं कम्प्लीट होऊ दे, मग जाऊ. आता थोडंच राहिलंय."

माझं बोलणं तुमच्या घरात किती चालतं ते मी पाहिलं आहे. संध्याकाळी विहारात गेले.

वाचन सुरू झालं होतं. साडी तिला मोठी होते, खांद्याला दोन पिना लावल्या होत्या. आवाज तुझाच, फक्त घाई जास्त. मी चपला काढल्या, बसलेल्या माणसांमधून पुढे गेले, आणि ग्रंथ मिटला. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि मग मी जे बोलले असते ते विहारात शोभलं नसतं. म्हटलं, "सुजाता, उठ. आज माझ्याकडे राहायचं, सकाळी मुंबईला जायचंय."

अध्यक्ष उठले. "बाई, हे काय? वाचन चालू आहे."

"चालू होतं," मी म्हणाले. "हिची छाती तपासून होऊ दे. डॉक्टर हो म्हणाले की ही येईल आणि याच जागेवर बसेल. तोवर तुम्ही वाचा. आणि मधे सोडलं म्हणून हिला किंवा दुसऱ्या कुठल्या बाईला इथे बसवायचं नाही असं कोणी ठरवलं, तर मी रोज बदलापूरहून येऊन या दारात उभी राहीन. मला शाळेनंतर दुसरं काम नाही."

सुजाता रडायला लागली. मला वाटलं आता गलका होणार, आणि मी तयार होते, खरं सांगायचं तर मला तो हवाच होता. एवढ्या दिवसांचा राग घेऊन आले होते, तो कुठेतरी टाकायला जागा पाहिजे होती.

पण गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "जा गं पोरी मावशीसंग. आधी जीव बघ. ग्रंथ कुठं जातोय? आमी बसतो हितंच."

बायकांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, हो, हो, खरं आहे. अध्यक्षसुद्धा म्हणाले, अर्थात, तब्येत आधी, वाचन काय होत राहील. त्यांनीच पुढे होऊन चष्मा लावला आणि ग्रंथ उघडला. एवढंच. देव कोपला नाही, समाज बोलला नाही. आम्ही बाहेर पडेपर्यंत त्यांचं वाचन सुरूही झालं होतं.

ताई, इतकं सोपं होतं हे. एका म्हातारीने एक वाक्य बोलायचं होतं. मला घरी आल्यापासून एकच प्रश्न पडलाय की तुझ्या वेळी ही सगळी माणसं होती कुठे. आणि उत्तर मला ठाऊक आहे. तिथेच होती. त्याच सतरंजीवर, हात जोडून, तुझं ऐकत होती.